बाटली धुणाऱ्यापासून सुरुवात करा : शाळेच्या आणि कारखान्याच्या लॅबमध्ये सुरक्षितता कशी बसवायची

माझ्या डाव्या मनगटावर रुपयाएवढा डाग आहे. बी.एस्सी. झाल्यावर एका दूध संकलन केंद्राच्या लॅबमध्ये लागले होते, तिसराच आठवडा होता. दुधात फॅट किती ते काढत होते. गर्बरच्या पद्धतीत ब्युटायरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या नळीत, आधी १० मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यावर कडेकडेनं १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल घालतात आणि बूच लावून हलवतात. हलवताना नळी चटका बसेल इतकी तापते. म्हणून ती फडक्यात गुंडाळायची, बूच अंगठ्यानं दाबून धरायचं आणि तोंड स्वतःकडे किंवा शेजारच्याकडे करायचं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बूच उडालं.

मी हात झाडत उभी राहिले. नळ्या धुणाऱ्या मावशींनी माझा हात ओढून नळाखाली धरला आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. मी दोनदा हात मागं घेतला, दोन्ही वेळा त्यांनी परत ओढला. "थांब गं पोरी, अजून न्हाई." त्यांच्या स्वतःच्या दोन्ही हातांवर असे पाच-सहा डाग होते. त्या लॅबमध्ये सुरक्षिततेबद्दल सगळ्यात जास्त माहिती त्यांना होती, आणि त्यांना कधी कुणी काही विचारलं नव्हतं.

पुढं सहा वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये काढली आणि मग एकवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे. शाळा बोलावतात, लहान कारखाने बोलावतात, म्हणतात, बाई, आमच्या लॅबचं सुरक्षिततेचं बघा जरा. मी जाते. फाइल नंतर बघते. आधी विचारते, तुमच्याकडं बाटल्या कोण धुतं?

पहिला दिवस : एक खुर्ची आणि एक माणूस

शाळेत तो माणूस म्हणजे प्रयोगशाळा परिचर, आपल्याकडं सगळे ज्यांना मामा म्हणतात ते. कारखान्यात हेल्पर. त्यांना खुर्ची द्या, दार लावून घ्या, मुख्याध्यापक किंवा मॅनेजर तिथं नकोत. मग विचारा : कुठल्या बाटलीला हात लावायची भीती वाटते? कशाच्या वासानं डोकं दुखतं? मागच्या वर्षी काय फुटलं, काय सांडलं, कुणाला लागलं, आणि ते कुठं लिहिलं का? लॅबमध्ये तुम्ही एकटे कधी असता? उरलेलं कुठं ओतता?

या पाच प्रश्नांना दीड तास लागतो. विज्ञानशिक्षक आठवड्यातून चार-सहा तास लॅबमध्ये असतो, मामा रोज असतात. अ‍ॅसिडचं पाच लिटरचं कॅन उचलून लहान बाटलीत ओतणारे तेच, फुटलेली काच गोळा करणारे तेच. मुलांच्या हातात विरल अ‍ॅसिड येतं, ते विरल करणारा हात मामांचा असतो. धोका जिथं सगळ्यात घट्ट असतो तिथं आपण सगळ्यात कमी शिकवलेला माणूस उभा करतो. मी इतक्या लॅब बघितल्या त्यात हे एकच दुखणं सगळीकडं सापडलं.

आमच्या शाळेतल्या मामांच्या उजव्या हाताची बोटं कायम पिवळी असायची. मला वाटायचं तंबाखू. तीन वर्षांनी एकदा सहज विचारलं तर म्हणाले, "तंबाकू न्हाई वो बाई, त्या तपकिरी बाटलीतलं लागलं की आसं हुतंय. आठ दिसांनी साल निघतंय." तपकिरी बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड होतं. कातडीतल्या प्रथिनांशी त्याची क्रिया होते आणि पिवळा रंग येतो. हीच क्रिया मी वर्गात परीक्षानळीत दाखवत होते. बाटलीवर नाव होतं इंग्रजीत, मामा सातवी शिकलेले. एकोणीस वर्षं ते बाटलीच्या रंगावर आणि कपाटातल्या जागेवर काम करत आले होते. एखाद्यानं दोन बाटल्यांची जागा बदलली असती तर? त्या दिवशी संध्याकाळी घरी गेले आणि कागद कापून मराठीत चिठ्ठ्या लिहायला बसले.

तर पहिलं काम हे. प्रत्येक बाटलीवर मराठीत, ठळक, दुरून वाचता येईल असं नाव. त्याखाली एकच ओळ, तिनं काय होतं ते : "कातडी जाळतं", "वाफ पेट घेते", "पाणी लागू देऊ नका", "वास घेऊ नका". त्याखाली बाटली उघडल्याची तारीख. वरून पारदर्शक चिकटपट्टी, नाहीतर महिन्याभरात अ‍ॅसिडच्या वाफेनं शाई उडते. जगभर एकसारखी ठरलेली लाल चौकटीतली नऊ चित्रं आहेत, ज्वाळा, कवटी, हातावर सांडणारं अ‍ॅसिड वगैरे, ती छापून शेजारी लावा आणि मामांना एकेकाचा अर्थ सांगा. चित्र वाचायला शाळा लागत नाही. आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कुठलंही रसायन, अगदी मिठाचं पाणीसुद्धा, भरायचं नाही. हा नियम मी कुणासाठीच सैल करत नाही.

कपाट

दुसरं काम यादी. कपाट रिकामं करून, टेबलावर मांडून. जुन्या स्टॉक रजिस्टरवरून यादी उतरवून काढू नका. रजिस्टरात नसलेलंच बहुतेकदा कपाटाच्या तळाशी सापडतं. यादीत चार गोष्टी पुरेत : नाव, किती आहे, कधी घेतलं, गेल्या दोन वर्षांत वापरलं का. वापरलं नसेल तर बाहेर काढायच्या ढिगात.

काही बाटल्या दिसल्या की थांबायचं. पिक्रिक अ‍ॅसिड हे ओलं असेपर्यंत ठीक, वाळलं तर स्फोटक. बुचाभोवती पिवळी पूड दिसली तर झाकण फिरवू नका, बाटली हलवू नका, खोली बंद करा आणि अग्निशमन दलाला कळवा. जुन्या इथरमध्ये हवेशी संबंध येऊन पेरॉक्साइड तयार होतात, तेही धक्क्यानं किंवा झाकणाच्या घर्षणानं उडतात. बेंझिन आणि कार्बन टेट्राक्लोराइड शाळेत असायचं काहीच कारण नाही. अ‍ॅस्बेस्टॉसची जाळी अजून कितीतरी शाळांत तिवईवर असते. ती जाऊन सिरॅमिकची आली पाहिजे. जीवशास्त्राच्या बरण्यांतलं फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, आणि त्यानं माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. बेडकाची चाळीस वर्षांची बरणी फक्त शोभेसाठी ठेवली असेल तर तिची वेळ संपली.

पाऱ्याचे थर्मामीटर बदलून अल्कोहोलचे किंवा डिजिटल आणा. तोवर एखादा फुटलाच तर झाडूनं झाडू नका, पाऱ्याचे थेंब आणखी बारीक होऊन फरशीच्या भेगांत जातात आणि वर्षभर त्याची वाफ खोलीत राहते. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, जाड कागदानं थेंब एकत्र ढकलून ड्रॉपरनं उचला, पाणी घातलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. राहिलेल्या जागेवर गंधकाची पूड पसरा.

आता परत मांडणी. एबीसीडीच्या क्रमानं मांडलेलं कपाट दिसायला फार नेटकं असतं, म्हणून तपासणीला आलेले साहेब खूश होतात. पण त्या क्रमानं अमोनियम नायट्रेट अ‍ॅसेटोनच्या शेजारी येतं, म्हणजे आगीला खाऊ घालणारा आणि पेट घेणारा एका फळीवर. मांडणी स्वभावानं करा. पेटणारी द्रव्यं एका लोखंडी कपाटात. अ‍ॅसिडं वेगळी, आणि त्यातही नायट्रिक सगळ्यांपासून लांब, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या शेजारी तर कधीच नको. कॉस्टिक आणि अमोनिया अ‍ॅसिडांपासून दूर. ब्लीचिंग पावडर अ‍ॅसिडाच्या आसपास नको, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुताना असंच होतं, तेव्हा मावशींना हेही सांगा. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र ओतायचं नाही. द्रव पदार्थ डोळ्यांच्या उंचीच्या वर ठेवायचे नाहीत. संहत अ‍ॅसिड सगळ्यात खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या खोल ट्रेमध्ये.

हा शेवटचा नियम कुठंही वाचायला मिळतो. पण कोल्हापुरात तो पावसाळा सोडूनच खरा आहे.

३९ फूट

जून ते सप्टेंबर खालची फळी ही सगळ्यात धोक्याची जागा होते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तितकं आलं. दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्क, पलीकडं चिखली-आंबेवाडी, ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको.

शाळांच्या लॅब बहुतेक तळमजल्यावर असतात, पाण्याचा आणि गटाराचा नळ सोपा पडतो म्हणून. आमचीही होती. २०१९ ला शाळेत पाणी शिरायच्या आदल्या रात्री फोन लागत नव्हते, मी राजारामपुरीत आणि शाळा पलीकडं. मामा शाळेजवळच राहायचे. त्यांनी बॅटरी घेऊन लॅब उघडली आणि रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेली सोडियमची बरणी पहिल्यांदा वरच्या मजल्यावर नेली. मग कॅल्शियम कार्बाइडचा डबा. मग सल्फ्युरिकचे दोन कॅन, एकेक करून, दोन्ही हातांनी. मग उरलेलं जमेल तितकं. लॅबमध्ये साडेतीन फूट पाणी आलं.

सोडियम पाण्यात पडलं की हायड्रोजन सुटतो आणि पेटतो, कार्बाइडपासून अ‍ॅसिटिलीन निघतो, तोही पेटतो. संहत सल्फ्युरिकमध्ये पाणी शिरलं तर उकळून उडतं. हे सगळं रात्री बंद खोलीत, वीज गेलेली, आणि वरच्या वर्गांत पूरग्रस्त कुटुंबं आसऱ्याला आलेली. मामांना कशाला आधी उचलायचं हे माहीत होतं, कारण त्या बरण्यांवर मराठीत "पाणी लागू देऊ नका" लिहिलेलं होतं आणि तीन वर्षं आम्ही त्यावर बोलत आलो होतो. मला आजही ती रात्र आठवली की घशाशी येतं, त्यांनी एकट्यानं जायला नको होतं. तेव्हापासून आमच्या नियमात एक ओळ वाढली : पुराच्या काळात लॅबमध्ये कुणीही एकटं जायचं नाही, आणि पाणी आत आल्यावर तर जायचंच नाही. म्हणून आधीच हलवायचं.

तुमची शाळा किंवा कारखाना पुराच्या रेषेत असेल तर असं करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाण्याशी भांडणारी सगळी रसायनं, म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कार्बाइड, फॉस्फरस पेंटॉक्साइड, चुनकळी, वरच्या मजल्यावर कुलपात. शाळेला सोडियम लागतंच का हेही एकदा विचारा, चणाडाळीएवढ्या तुकड्यासाठी पावशेराची बरणी सांभाळायची गरज नसते. राजाराम बंधारा ३९ फुटांवर गेला की अ‍ॅसिडं आणि पेटणारी द्रव्यं वर, दिवसाउजेडी, दोघांनी मिळून. कोण, कुठल्या खोलीत, किल्ली कुणाकडं, हे कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा. गॅसचे सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधा, मोकळं सिलिंडर पाण्यावर तरंगत जाऊन आदळतं. पूर ओसरल्यावर लगेच लाइट लावू नका. दारं-खिडक्या उघडून तासभर हवा खेळू द्या, ओल्या स्विचबोर्डाला वायरमन बघेपर्यंत हात नाही. चिठ्ठी वाहून गेलेली बाटली ही ओळखीची वाटली तरी अनोळखी समजायची.

ग्रामीण भागातल्या मुलांना हे पटकन कळतं. गुऱ्हाळावर गूळ पिवळा करायला वापरतात ती हायड्रॉस पावडर, सोडियम हायड्रोसल्फाइट, ओल लागली की आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ आहे त्यांतली काही पोरं मला सांगतात, बाई, आमच्याकडं एकदा पोतं धुमसत होतं. मग सोडियम काय करेल हे समजावून सांगावं लागत नाही.

पाणी, डोळे, आग

इथं मी थोडक्यात सांगते, कारण गोष्टी सोप्या आहेत, फक्त केल्या जात नाहीत.

लॅबमधल्या एका नळाला हातभर मऊ रबरी नळी लावा. तोटी उघडली की मऊ धार आली पाहिजे, डोळ्यात घेता येईल अशी. डोळ्यात काही उडालं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान पंधरा मिनिटं सलग पाणी, घड्याळ बघून, आणि मग थेट डॉक्टर. डोळ्यात सोडा घालून अ‍ॅसिड "मारायला" जाऊ नका. कॉस्टिक सोडा आणि चुना डोळ्यात अ‍ॅसिडपेक्षा खोल जातात, त्यामुळं "अ‍ॅसिड नव्हतं, नुसतं कॉस्टिक होतं" म्हणून सैल पडू नका. त्या नळाला सुट्टीत पाणी येतं का, टाकी रिकामी असते का, हे प्रत्येक प्रयोगाच्या आधी बघायचं. पाणी नसेल तर त्या दिवशी अ‍ॅसिडचा प्रयोग होणार नाही. उन्हाळ्यात आमचे असे कितीतरी प्रयोग पुढं गेले आणि बोर्डाचं काही बिघडलं नाही.

अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडात नाही. ही ओळ सगळ्यांना पाठ असते. मामांच्या हातून ती करून घ्या, तुमच्यासमोर, थंड पाण्यात, थोडं थोडं, ढवळत.

स्पिरिटचा दिवा सगळ्यात साधा दिसतो, आणि शाळेत मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. दिवा विझलाय असं समजून कुणीतरी बाटलीनं स्पिरिट ओततं आणि आग धारेवरून बाटलीत चढते. दिवा पूर्ण गार झाल्यावर, दुसऱ्या टेबलावर, दोन-तृतीयांशापर्यंतच भरायचा. विझवायचा टोपणानं, फुंकरीनं नाही. स्पिरिटची मोठी बाटली वर्गात आणायचीच नाही. रंगीत ज्वाळा दाखवायला उघड्या बशीत मिथेनॉल पेटवायचा प्रयोग करू नका, त्यानं जगभर मुलं भाजली आहेत. केस बांधलेले, ओढणी मागं गाठ मारलेली किंवा काढून ठेवलेली, नायलॉनचे कपडे असतील तर वर सुती एप्रन.

आगीसाठी एबीसी पावडरचं एक यंत्र दाराजवळ, लॅबच्या आत खोल कोपऱ्यात नको. वाळूच्या दोन बादल्या. आपण कोल्हापूरकर या बाबतीत नशिबवान आहोत, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही फाउंड्रीत कोरडी सिलिका वाळू असते, मागितली तर देतात. बादलीला झाकण ठेवा, ओली वाळू सोडियमच्या आगीवर टाकली तर आग वाढते. कपडे पेटले तर पळायचं नाही, जाड सुती चादरीत किंवा घोंगड्यात गुंडाळायचं. ११२, १०८, शाळेपासून सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंतचा रस्ता आणि कुणाची गाडी न्यायची, हे दाराशी लिहिलेलं असावं.

कारखान्याची लॅब

कारखान्यात पैसा असतो, नियम असतात, तरी लॅब दुर्लक्षितच असते, कारण सगळ्यांचं लक्ष भट्टीकडं. लॅबमधून मागणी एकच : हीट (भट्टीतला वितळलेला धातू) ओतायची आहे, रिझल्ट लवकर द्या. माझ्या सहा वर्षांत जे काही चुकलं ते घाईत चुकलं. म्हणून सुरक्षिततेचा कार्यक्रम बसवताना मी मॅनेजरकडून आधी एक गोष्ट लिहून घेते : लॅबमधल्या कुणीही, हेल्परनंसुद्धा, "थांबा" म्हटलं तर काम थांबेल, आणि त्याला त्या दिवशी कुणी बोलणार नाही. एवढी सही होत नसेल तर गॉगल विकत घेऊन काही उपयोग नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तिनं कामगाराला आपण कशाशी खेळतोय हे जाणून घ्यायचा हक्क दिला. म्हणजे हेल्परनं विचारलं तर सांगणं ही मेहरबानी नव्हे.

प्रत्येक रसायनाबरोबर पुरवठादारानं सुरक्षिततेची माहितीपत्रिका द्यायची असते, सोळा भागांची. सगळी वाचून कुणाच्या लक्षात राहत नाही. चौथा भाग प्रथमोपचार, सातवा हाताळणी आणि साठवण, दहावा कशाबरोबर भांडतं ते. हे तीन भाग मराठीत एका पानावर उतरवा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

फाउंड्रीच्या लॅबमध्ये तीन गोष्टींकडं बघा. स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राची, खोली एसीसाठी बंद असते आणि तिथं आर्गॉन असतो. त्याला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड. गळती झाली तर प्राणवायू कमी होतो आणि माणसाला कळतही नाही. सिलिंडर खोलीबाहेर ठेवा, आत फक्त नळी. पर्क्लोरिक अ‍ॅसिड वापरत असाल तर लाकडी रॅकवर ठेवू नका, सांडलेलं चिंधीनं पुसू नका, लाकूड किंवा सूत ते पिऊन वाळलं की स्फोट होऊ शकतो. आणि हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड. पातळ द्रावण लागलं तर सुरुवातीला दुखतही नाही, तासांनी दुखायला लागतं तोवर ते हाडापर्यंत गेलेलं असतं. त्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लॅबमध्ये हवं, मुदत संपलेलं नको, आणि ते कुठं आहे हे हेल्परला अंधारात सापडलं पाहिजे. जेल नाही तर बाटली उघडायची नाही.

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढायला लेड सबअ‍ॅसिटेट वापरतात तिथं शिसं आहे. गाळणकागद आणि साका कोण उचलतो, तो हात धुतो कुठं, भाकरी कुठं खातो? शिसं साचत जातं, आजचं दुखणं दहा वर्षांनी दिसतं. लॅबच्या टेबलावर डबा उघडायचा नाही, हे मी पन्नास वेळा सांगितलं असेल, पण जेवायला दुसरी जागा दिल्यावरच लोकांनी ऐकलं. आधी जागा द्या.

हुपरीला चांदीच्या कामात नायट्रिक वापरतात. तपकिरी धूर येतो तो छातीत गेल्यावर माणूस खोकतो, थोड्या वेळानं बरं वाटतं, घरी जातो, आणि रात्री फुप्फुसात पाणी भरायला लागतं. असा धूर गेला असेल तर बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवायचं. लॅबलाही हेच लागू.

थोडक्यात वाचलो वही

अपघातवही सगळीकडं असते आणि कोरी असते, कारण तिच्यात लिहिलं की चौकशी. म्हणून आम्ही दुसरी वही केली. शंभर पानी, साधी, दोरीनं खिळ्याला बांधलेली, वर लिहिलं "थोडक्यात वाचलो". नाव लिहायचं नाही. बाटली निसटली पण पकडली, नळीचं तोंड मैत्रिणीकडं होतं, सर गॉगल न घालता आले, असं काहीही. पहिल्या महिन्यात एकच नोंद आली. मी स्वतः लिहिली होती. चौथ्या महिन्यात एका मुलीनं लिहिलं की तिसऱ्या टेबलाखालचा गॅसचा नळ पायानं उघडतो. तपासलं तर खरंच उघडत होता. दुसऱ्या दिवशी नळ बदलला आणि त्याच पानावर लाल पेननं "बदलला" लिहिलं. त्यानंतर वही भरायला लागली. कुणी लिहिलं आणि काहीच झालं नाही, असं दोनदा घडलं की वही मेली म्हणून समजा. दर शनिवारी पंधरा मिनिटं, मामा, शिक्षक आणि दोन विद्यार्थी, वही वाचायची आणि एक तरी गोष्ट सोमवारपर्यंत दुरुस्त करायची.

सराव सहा महिन्यांतून एकदा. न सांगता ओरडा : "डोळ्यात उडालं!" आणि घड्याळ लावा. डोळे मिटलेल्या मुलाला नळापर्यंत कोण नेतं, वाटेत दप्तरं आडवी येतात का, दुसऱ्यांना बाहेर कोण काढतं. आमच्या पहिल्या सरावात एक मिनिट वीस सेकंद लागले. दहा सेकंदांत पाणी मिळालं पाहिजे. त्या दिवसापासून दप्तरं बाहेर कट्ट्यावर. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, तेव्हा भाषणांऐवजी हा सराव घ्या.

अ‍ॅसिडचं रजिस्टर वेगळं हवं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅसिडविक्रीवर निर्बंध घातले तेव्हा शिक्षणसंस्था आणि प्रयोगशाळांनाही बांधून घेतलं : वापराची नोंद ठेवायची, जबाबदार माणूस नेमायचा, बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करायची. मुलींच्या बाबतीत काय काय घडलेलं आहे हे आपल्याला ठाऊक आहे, ही नोंद कंटाळा न करता ठेवा.

उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, जयंती नाल्यातून ते पंचगंगेतच जातं. अ‍ॅसिड आणि अल्कली विरल करून, एकमेकांनी मारून, लिटमस कागदानं तपासून सोडता येतं. शिसं, पारा, क्रोमियम, सेंद्रिय द्रावणं वेगवेगळ्या चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांत साठवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला विचारून अधिकृत मार्गानं पाठवा. घातक कचऱ्याचं सामाईक केंद्र रांजणगावला आहे, एकट्या शाळेला ते महाग पडतं, चार-पाच शाळांनी मिळून पाठवलं तर जमतं.

किल्ली

माणूस बदलला की सगळं परत शून्यावर येतं. म्हणून जाणारा आणि येणारा दोघं किमान तीन दिवस एकत्र असले पाहिजेत, आणि ते संस्थेनं पगारी दिवस म्हणून धरले पाहिजेत.

आमचे मामा निवृत्त झाले तेव्हा नवीन मुलगा आला, बारावी पास. मी कोपऱ्यात बसून बघत होते. मामांनी त्याला कपाट दाखवलं नाही. आधी बाहेर नेलं, गॅसचा मुख्य कॉक भिंतीच्या मागं होता तिथं, आणि पाच वेळा बंद करायला, उघडायला लावला. मग मीटरजवळचा मेन स्विच. मग नळाची रबरी नळी, ती चालू करून स्वतःचा डोळा धरून दाखवला. मग जिना चढून वरची कुलपाची खोली. शेवटी लॅबमध्ये आणलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "आता दाराकडं जा. मोजत जा पावलं." मुलगा दोनदा स्टुलाला धडकला. मामांनी स्टुलं टेबलाखाली सरकवली आणि परत त्याला मागच्या भिंतीशी नेऊन उभा केला. अकरा पावलं भरली.